चिखल्यांची ट्यूब

रोवणी संपून महिना उलटला होता, घरात कोणाच्याच पायाला चिखल्या नव्हत्या, तरी चिखल्यांची ट्यूब संपत होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. डब्यातली साखर मूठभर कमी झाली तर मला कळतं. वर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोणत्या पोराच्या खिशात चिंच आहे आणि कोणाच्या खिशात बोरं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं असा गावात माझा लौकिक आहे. पण ट्यूब चपटी होत गेली आणि मला वाटलं नवराच लावत असेल. मी त्याला दोनदा झापलं. "पायाले काही झालं नाही तं कायले लावून राहिले?" तो म्हणाला, "म्या हातबी नाही लावला वो तिले." मी विश्वास ठेवला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती सवयच सुटली आहे, आणि नेमका त्या वेळी बिचारा खरं बोलत होता.

ज्यांनी धानाच्या बांधीत कधी पाय घातला नाही त्यांना चिखल्या म्हणजे काय ते सांगावं लागेल. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, कुजते, खाजते आणि नंतर अशी आग होते की चप्पलसुद्धा घालवत नाही. पूर्वी लोक मेंदी लावायचे, कडुलिंबाचा पाला उकळून त्यात पाय बुडवून बसायचे. आता मेडिकलमध्ये जायचं आणि "चिखल्यांची ट्यूब द्या" म्हणायचं. नाव कोणी विचारत नाही, डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही. आमच्याकडे ती दाराजवळच्या कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी पडलेली असते. गजकर्ण झालं की तीच, किडा चावला की तीच, एकदा वासराच्या कानालाही मी तीच लावली. दोन दिवसांत आराम पडतो. इतक्या लवकर आराम पाडणाऱ्या वस्तूत असतं तरी काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. चौथीच्या पोरांना मात्र मी दर आठवड्याला सांगते की प्रश्न विचारत जा.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती, नुकतंच सतरावं लागलेलं. गोंदियाच्या कॉलेजात जायची आणि धावायची. आठवीपासून ती रोज सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर धावत होती, आणि पंधराशे मीटरमध्ये तालुक्यात तिच्यापुढे कोणी नव्हतं. तिला वनरक्षक व्हायचं होतं. खाकी कपडे, जंगलातली वाट, आणि आज भाजी काय करू असं कोणी विचारणार नाही अशी नोकरी. हे तिनं मला एकदा नहरावर घाम पुसता पुसता सांगितलं होतं. मी तोंडानं "आधी बारावी कर" म्हटलं आणि मनातून देव पाण्यात घातले. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथून पुढे विभागाला, आणि नशिबानं राज्यापर्यंत पोचली तर भरतीत खेळाडू म्हणून वेगळा विचार होतो, असं तिच्या खेळाच्या सरांनी मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं होतं. त्या एका शर्यतीवर आम्ही दोघी किती टांगून होतो ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी 'टॅन' हा शब्द आमच्या घरात शिरला. कुठून आला ते सांगायला नको, फोनमधून आला. आमच्या वेळी माणूस उन्हानं रापायचा, करपायचा, आणि आठ-पंधरा दिवस सावलीत बसला की पुन्हा होता तसा व्हायचा. आता टॅन व्हायला लागला. तो रोग असल्यासारखा होत होता आणि 'काढावा' लागत होता.

"मम्मी, हात पाह्य न माझे. किती टॅन होऊन राहिलं."

"मंग धुवून टाक."

"धुतल्यानं जात नसते ते. तुले नाही समजत."

कॉलेजला जाताना तिचा अवतार बघण्यासारखा असायचा. कोपरापर्यंत हातमोजे, पायात मोजे आणि त्यावर चप्पल, डोळ्यांना गॉगल आणि बाकी सगळ्या तोंडाला स्कार्फ. बसची वाट बघणाऱ्या साऱ्याच पोरी तशा. मी एकदा चौकात भलत्याच पोरीला "डबा कोन नेईन, तुझा बाप?" म्हणून रागावले, आणि ती बिचारी म्हणाली, "मॅडम, मी तुमची नाही."

झाकायला माझी ना नव्हती. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलं आहे तो उघडं फिरा असं शत्रूलाही सांगणार नाही. रोवणीच्या बायाही साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, कारण पाठ भाजते. पण या पोरींना भाजण्याचं काही नव्हतं. पाण्याची बाटली रोज घरी राहायची, स्कार्फ एकदाही राहिला नाही. जूनमध्ये ॲडमिशनला जाताना एका मैत्रिणीला लू लागली, ती बसमध्येच आडवी झाली, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला हात स्कार्फला लावला, हे माझ्या मुलीनं मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. सनस्क्रीनची बाटली घरात होती, पण ती लग्नाच्या आणि गॅदरिंगच्या दिवशीच उघडायची, कारण "फोटोत चेहरा उठून दिसते". पोरांची तर आणखी तऱ्हा. डोक्याला दुपट्टा बांधला तर खेडवळ दिसू म्हणून भर दुपारी उघड्या डोक्यानं गाडी हाणायची, आणि घरी येऊन बहिणीच्या डबीतलं क्रीम गुपचूप फासायचं. मी चिडायचे. "सूर्य का आताच उगवून राहिला का बे?" म्हणायचे. ते सगळे माझ्याकडे, म्हातारी बडबडते आहे, अशा नजरेनं बघायचे.

ट्यूब तोंडापर्यंत कशी पोचली ते मला पुढे कळलं. रोवणीत माणसं कमी पडली म्हणून मुलगी चार दिवस बांधीत उतरली होती. तिलाही चिखल्या झाल्या, तिनंही ट्यूब लावली. चिखल्या गेल्या, आणि काही दिवसांनी तिला दिसलं की बोटांच्या मुळाशी जिथे ट्यूब लागली तिथला पाय उजळला आहे. बाकीचा पाय उन्हानं रापलेला आणि मध्ये ही गोरी पट्टी. झालं. पाय गोरा होतो तर तोंड का नाही होणार? विज्ञान शाखेची विद्यार्थिनी ती. तिनं लावून पाहिली, फरक पडला, आणि बसमधल्या मैत्रिणींना सांगितलं. त्या सगळ्या धानवाल्यांच्या घरच्या. कोणाला काही विकत आणावं लागलं नाही, प्रत्येकीच्या कोनाड्यात चिखल्यांची ट्यूब होतीच. शहरातल्या पोरींना ही अक्कल सुचलीच नसती.

श्रावणात तिचं तोंड खरंच उजळलं. मी इथे खोटं लिहिणार नाही, मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं. मी काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, काळी. लहानपणी माझ्या आईनं मला साय आणि बेसन फासून ओट्यावर वाळत घातलं आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ओवाळणाऱ्या बायकांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलेलं माझ्या अजून लक्षात आहे. मुलगी माझ्यावर गेली. आणि आता ती उजळत होती, तर मी विचारलंसुद्धा नाही की कशानं.

पोळ्याला नणंद आली. तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "आता कशी आपल्या घरातली वाटून राहिली! आपन माळव्याहून आलेले लोकं वो, आपला रंग असा थोडीच असते." मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते. 'असा' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढं सौजन्य तिनं दाखवलं. आता लिहिताना मला तिची हनुवटी धरून विचारावंसं वाटतं की माळव्याहून येऊन किती पिढ्या झाल्या, आणि इतक्या पिढ्या धान कोणी रोवलं, उन्हात की पंख्याखाली? पण तेव्हा मी काय केलं? मी हसले. म्हटलं, "हळद-दूध लावते, दुसरं काही नाही." मला माहीतही नव्हतं ती काय लावते ते. मुलीनं ऐकलं. आई आपल्यासाठी खोटं बोलते आहे आणि खुशीनं बोलते आहे, एवढं तिला समजलं.

आणि नणंदेवर तरी कोणत्या तोंडानं चिडू? आमच्या शाळेत कोणी पाहुणे आले की स्वागताला चार मुली लागतात. ताट घेऊन उभ्या राहायला, टिळा लावायला. त्या चार मी निवडते. दरवर्षी मीच निवडते. एकदा तिसरीतली एक पोर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी का नाही? माले गानं येते सारं." तिला गाणं खरंच येत होतं. मी म्हटलं, "तू मागच्या रांगेत म्हन, तुझा आवाज मोठा आहे." माझ्यासारखाच रंग होता तिचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात ऊन परतलं. धान पोटरीत आलं की आमच्याकडे जे ऊन पडतं ते मे महिन्याइतकं वाईट नसतं, पण ओलं असतं, चिकटतं. मुलगी कॉलेजातून आली की तोंड लाल. चूल सोडाच, गॅसजवळ उभी राहिली तरी म्हणायची, "मम्मी, तोंड जळून राहिलं." गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या आल्या, आणि वरच्या ओठावर, कानशिलावर लव वाढली. मी म्हटलं वयाचं असेल. ती सकाळी अंधारात धावून यायला लागली, उजाडायच्या आत घरात. मी म्हटलं मेहनत करते आहे. मग एक दिवस खेळाच्या सरांचा फोन आला, की मॅडम, ती पंधरा दिवस झाले दुपारच्या सरावाला येत नाही, स्पर्धा तर उन्हातच होणार.

त्या दिवशी मी तिची बॅग उपसली. कंपासपेटीत ट्यूब होती, नवी, अर्धी दाबलेली.

ती दारात उभी राहून बघत होती. मी ट्यूब तिच्यासमोर धरली.

"हे काऊन आलं इथं?"

तिनं ट्यूब घ्यायला हात पुढे केला, मी मागे घेतली.

"तोंडाले लावून राहिली? हे तोंडाले? अवो, हे पायाचं औषध! म्या वासराच्या कानाले लावलं ते! कोन सांगतलं तुले?"

"कोनी नाही."

"मंग? काऊन लावली?"

"बंद केली होती मी," ती म्हणाली, "दोन डाव बंद केली. बंद केली का तोंड अजून लाल होते. मंग परत लावा लागते."

"अन् मले एका शब्दानं सांगतलं नाही?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रडका नव्हता. "तुले तं चांगली वाटून राहिली होती न मी. आत्यासमोर कशी हासत होती तू."

मी तिला मारलं. सतरावं लागलेल्या पोरीला, त्या जळत्या गालावर. वर्गात मी कधी पट्टी उचलली नाही याचा मला अभिमान होता. त्या गालाला हात लावल्याबरोबर तो किती गरम आहे ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला गोंदियाला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेरच्या बाकावर स्कार्फ बांधलेल्या आणखी तिघी बसल्या होत्या, प्रत्येकीच्या शेजारी एक आई. डॉक्टरीणबाईंनी स्कार्फ काढायला लावला, दिव्याखाली तोंड पाहिलं आणि विचारलंही नाही, सरळ म्हणाल्या, "कौनसी ट्यूब?" मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "दीदी, इसमें स्टेरॉइड है. पैर के लिए भी हफ्ता भर, बस. चेहरे की चमडी पतली हो गई है इसकी." मग मराठीत सांगितलं, की कातडी पातळ झाली म्हणून ऊन सोसत नाही, म्हणून आग होते. आता ट्यूब सुटताना तोंड आणखी बिघडेल आणि मग हळूहळू, काही महिन्यांनी, सावरेल. लाल शिरा राहतील की जातील ते आत्ता सांगता येत नाही. रोज सनस्क्रीन, दिवसातून दोन-तीनदा. टोपी, छत्री, सुती कापड.

"अन् धावनं?" मुलीनं विचारलं. तिनं तिथे विचारलेला हा एकच प्रश्न.

"धाव की. सकाळच्या वेळी धाव. क्रीम लाव, टोपी घाल. धावायला पाय लागतात."

परत येताना मी बसमधून चौकात उतरले आणि मेडिकलसमोर उभी राहिले. मुलीनं माझा हात ओढला, मी झटकला. दुकानात परगावची चार माणसं होती. मी म्हटलं, "ही ट्यूब तुम्ही पोरींना देता?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, चिखल्यांची आहे, तुम्हीबी तं नेता."

"ऑक्टोबर लागला. आता कोनाच्या पायाले चिखल्या आहेत? कॉलेजच्या पोरी येतात अन् नेतात, तुमच्या डोक्यात उजेड नाही पडला?"

"आता त्या पायाले लावतेत का तोंडाले, मी का त्याईच्या घरी पाहाले जाऊ?" मग हिंदीत, आवाज चढवून, बाकीच्यांना ऐकू जाईल असं, "आप तो टीचर हो मॅडम. आपकी बेटी ने लगाया, आपको पता नहीं चला?"

चौघांपैकी एक हसला. मी मुलीचा हात धरला आणि निघाले. घरी आल्यावर दहा उत्तरं सुचली, आणि त्यातलं एकही त्याच्या प्रश्नाचं नव्हतं.

आता जे सांगते त्याची मला सर्वांत जास्त चीड येते. तोंड बिघडायला लागल्यावर गल्लीतले लोक विचारायला लागले, आणि मी सांगितलं, "उन्हाची ॲलर्जी झाली." नणंदेचा फोन आला, तिलाही तेच. शाळेत मोठ्या मॅडमनाही तेच. ट्यूबचं नाव काढलं नाही. शिक्षिकेच्या मुलीनं चिखल्यांचं औषध तोंडाला फासलं, हे मला सांगवेना. ऊन काही भांडायला येत नाही, म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं. गावातल्या बायका आपापल्या पोरींना म्हणायला लागल्या, पाय उंबऱ्याबाहेर काढू नको, मॅडमच्या पोरीचं पाहिलं ना.

तोवर स्पर्धेचा दिवस आला. मी सगळी तयारी केली होती. शर्यत सकाळी नऊच्या आधी होईल का ते सरांना तीनदा विचारलं. मोठ्या पुढच्या भागाची टोपी आणली, बर्फ घातलेल्या पाण्याची बाटली घेतली, छत्री घेतली. निघताना तिच्या तोंडाला, मानेला, हातांना सनस्क्रीन मी स्वतः लावलं, लहानपणी पावडर लावायचे तसं. तिचे पाय ठीक होते. आदल्या आठवड्यात नहरावर तिची वेळ तालुक्याच्या स्पर्धेतल्यापेक्षाही चांगली आली होती.

मैदानावर मुली रेषेजवळ जमल्या. एक बाई कागद घेऊन फोटो जुळवत होत्या. माझी मुलगी स्कार्फ बांधूनच पुढे गेली. बाई म्हणाल्या, "बेटा, स्कार्फ निकालो, फोटो मिलाना है." ती उभी राहिली. बाईंनी पुन्हा सांगितलं. मागच्या मुली वळून बघायला लागल्या. कडेला पोरं फोन घेऊन उभी होती. सर धावत गेले, काहीतरी बोलले. मग ती वळली आणि सरळ माझ्याकडे चालत आली.

"मम्मी, चल घरी."

"काऊन? ऊनबी नाही आलं अजून. पाह्य, छत्री आहे न."

"ऊनाचं नाही आहे ते."

"मंग?"

"सारे पाहून राहिले."

"पाहू दे!" मी ओरडलेच. "पायानं धावतेस का तोंडानं? पाच-सहा मिनिटं उघडं ठेवलं तं का होते? इतकी मेहनत केली, अन् आता तोंडासाठी..."

"तू सांगतलं का कोनाले?" ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. "आत्याले सांगतलं? शाळेत सांगतलं? तूच लपवून राहिली मम्मी. अन् मले म्हनते दाखव."

शिट्टी झाली. मुली निघाल्या. आम्ही दोघी छत्री घेऊन कडेला उभ्या होतो आणि ती शर्यत बघत होतो. पहिली आलेली मुलगी चांगली धावली, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. सरांनी घड्याळात तिची वेळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ खिशात टाकलं. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं.

त्यानंतर ती धावली नाही. सकाळी उठायची, बूट घालायची आणि अंगणातच बसून राहायची. मला तिला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी, लवकर येणारं हलकं धान कापून झालं तेव्हा, शेजारची बाई एका दुपारी आली. तिची पोरगी आठवीत आहे, हुशार आहे, माझ्याच हाताखालून गेलेली. बाईनं इकडचं तिकडचं केलं, आमचं धान किती झालं विचारलं, आणि मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? तुमच्या पोरीनं श्रावनात तोंडाले काय लावलं होतं? ऊनाचं जे झालं ते झालं मंग. पन तवा भलती उजळली होती बाप्पा. आमचीच्या मामाच्या घरी लगन आहे, अन् हे पाहा कशी कारीठिक्कर पडली धान कापून."

मी तोंड उघडलं. सांगायचं असं मी ठरवलं होतं, शपथ घेऊन ठरवलं होतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "ते उन्हाची ॲलर्जी..."

आतून माझी मुलगी बाहेर आली. घरात ती स्कार्फ सैल गुंडाळून वावरायची. तो तिनं काढला, खाटेवर टाकला, आणि अंगणातल्या उजेडात त्या बाईच्या समोर येऊन उभी राहिली. शिरांचं जाळं, खपल्या, ओठावरची लव, सगळं. डॉक्टरीणबाई सोडल्या तर घराबाहेरच्या कोणी ते इतकं उघडं पाहिलं नव्हतं.

"ऊनानं नाही झालं काकू," ती म्हणाली. "ट्यूबनं झालं. चिखल्यांच्या."

बाईनं तोंडाला पदर लावला. "अगाई गं," म्हणाली. पुढे वाकून नीट पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. मला वाटलं, झालं, समजलं हिला, एक तरी पोरगी वाचली.

मग तिनं पदर खाली केला आणि विचारलं, "मंग तुवा लय दिवस लावली असन न बाई. आठच दिवस लावली तं? लगनापुरती?"

माझ्या हातात धान पाखडायचं सूप होतं, ते मी खाली ठेवलं. मला त्या बाईला हाताला धरून फाटकाबाहेर काढायचं होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकू," ती म्हणाली, "मीबी आठच दिवसासाठी लावली होती."